मागच्यापेक्षा किंचित जास्त

५ जानेवारी

जिने बालपणी माझ्या सायकलीच्या मागे बसून माझाच डबा फस्त केला आणि जी आता मला परिपत्रके धाडते, त्या मूत्रपिंडतज्ज्ञ आतेभगिनीस,

तुझ्या विभागाने समस्त सामान्य वैद्यांना उद्देशून काढलेले परिपत्रक काल हस्तगत झाले. 'मूत्रपिंडांचे कार्य तीस टक्क्यांखाली जाताच रुग्णास विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे, ही नम्र विनंती.' यातील नम्रता शेवटच्या दोन शब्दांपुरतीच आहे. उर्वरित मजकुराचा स्वर आपल्या शाळेतील कवायतीच्या मास्तरांचा आहे. परिपत्रक मी भिंतीवर लावले आहे, कारण तेथील रंगाचा पोपडा निघाला होता.

तथापि एक वस्तुस्थिती नम्रपणे (अस्सल नम्रपणे) निदर्शनास आणतो. माझ्या दवाखान्यातून गेल्या सात वर्षांत एकही मूत्रपिंडरुग्ण तुझ्याकडे विलंबाने पोहोचलेला नाही. या विक्रमाची तुझ्या दप्तरी नोंद व्हावी.

बाकी क्षेमकुशल. महामंत्री आपल्या आसनावर विराजमान आहेत. महामंत्री म्हणजे माझे कंपाउंडर. एकतीस वर्षे ते माझ्या बाटल्या, माझी गर्दी आणि माझा स्वभाव सांभाळीत आहेत. पैकी पहिल्या दोन गोष्टी हातून पडल्या तर फुटतात आणि तिसरी न पडताच फुटते. त्यांनाही तुझ्या परिपत्रकाचा थोडा विषय आहे. रक्तदाब जुना, रक्तातील क्रिएटिनिन चार, म्हणजे असावे त्याच्या तिप्पट. पण बाईसाहेब, स्थिर चार! अलीकडे सकाळचा चहा त्यांना नकोसा झाला आहे, एवढेच. चहा मीच करतो, म्हणून कारण अन्यत्र शोधण्याची गरज वाटत नाही.

तुझा ज्येष्ठ आणि कनिष्ठ (वयाने व पदाने अनुक्रमे) बंधू,
दादा

---

१२ जानेवारी

दादा,

सात वर्षांत तुझ्याकडून एकही पेशंट उशिरा आला नाही, हे खरं आहे. सात वर्षांत तुझ्याकडून एकही आलाच नाही. मी कालच रजिस्टर काढून बघितलं.

आता महामंत्र्यांचं. क्रिएटिनिन चार म्हणजे त्यांच्या वयाला मूत्रपिंडं जेमतेम सोळा टक्के चालतायत. स्थिर म्हणजे कशाच्या तुलनेत स्थिर? किती दिवसांत? सकाळी चहा नको होतो तेव्हा पुष्कळदा चहाचा दोष नसतो, हे तुला मी सांगायला नको.

तुझ्या भिंतीवरचं परिपत्रक तू वाचलेलं नाहीस, म्हणून इथे लिहिते. डायलिसिससाठी हातातली एक शीर एका धमनीला जोडावी लागते. छोटं ऑपरेशन आहे. पण जोडली आणि झालं असं नसतं. ती शीर फुगून जाड व्हायला दोन-तीन महिने जातात, आणि काहींची पहिल्या खेपेला होतच नाही. तेवढा वेळ हाताशी नसला तर मानेतून नळी घालून सुरुवात करावी लागते. नळीतून जंतू शिरतात, ताप येतो. गेल्या महिन्यात माझ्याकडे चार जण धापा टाकत, थेट स्ट्रेचरवर आले. चौघांच्याही डॉक्टरांनी सांगितलं की पेशंट स्थिर होता.

सगळे आकडे तारखांसकट पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू गोष्टी सांगतोस.

धाकटी

---

२ फेब्रुवारी

प्रिय रजिस्टरधारिणीस,

उत्तरास तीन सप्ताहांचा विलंब झाला. या कालखंडात आमच्या परिसरातील समग्र प्रजा खोकली. मी सकाळी नऊपासून लोकांच्या पाठीला नळी लावून बसलो होतो आणि महामंत्री बाहेर क्रमांक पुकारीत होते. एका वृद्धेने त्यांना विचारले, "डॉक्टर चांगले आहेत का हो?" ते म्हणाले, "बसा. चांगले होईपर्यंत वेळ लागेल." तिने हे आपल्याविषयी समजून घेतले. मी अद्याप साशंक आहे.

तू मागितलेल्या आकड्यांसंबंधी आमची नोंदपद्धती समजावून सांगणे अगत्याचे आहे. प्रत्येक रुग्णाचे एक पुठ्ठ्याचे कार्ड. कार्डावर वीस ओळी. ओळी संपल्या की जुने कार्ड माळ्यावर जाते आणि नवीन कार्डाच्या माथ्यावर शेवटचा महत्त्वाचा आकडा उतरवून घेतला जातो. सामान्य रुग्णाला एक कार्ड दोन वर्षे पुरते. महामंत्री मात्र दररोज सकाळी दार उघडले की प्रथम स्वतःचा रक्तदाब मोजतात आणि तो स्वतःच्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहितात. परिणामी त्यांचे कार्ड तीन आठवड्यांत भरते. ही शिस्त मी स्वतः त्यांना लावली, याचा मला आजवर अभिमान होता.

असो. हाताशी असलेले आकडे असे: ऑक्टोबरमध्ये ४.१, त्यापूर्वी ३.९. ही वाढ आहे हे मी मान्य करतो. ही वाढ आहे असे त्यांना सांगितलेले नाही, हेही मान्य करतो.

त्यांना तुझ्याकडे पाठवावे की काय, याचा मी गांभीर्याने विचार करीत आहे. परंतु पाठवायचे म्हणजे आधी सांगायचे. आणि सांगितले की तो मनुष्य उद्यापासून माझ्याकडे रुग्णाच्या नजरेने पाहणार. ती नजर मला दिवसातून साठ वेळा दिसते. एका तरी नजरेपासून मला सूट असावी, अशी माझी क्षुद्र अपेक्षा आहे. खोकल्याचा हंगाम ओसरला की पाहू.

विचारमग्न,
दादा

---

८ फेब्रुवारी

दादा,

कुठलेही दोन आकडे शेजारी ठेवले की चढ सौम्यच दिसतो. तुझी पद्धत अशी आहे की तुझ्यासमोर कधी दोनाहून जास्त आकडे येतच नाहीत. तू वर्षानुवर्षं जिना चढतोयस आणि प्रत्येक वेळी म्हणतोयस, एकच तर पायरी आहे.

माळ्यावरची सगळी कार्डं पाठव. निवडून नको. सगळी.

आणि हंगामाचं म्हणशील तर, तुझ्या मनाची तयारी होईपर्यंत मी थांबू शकते. त्यांच्या हाताची शीर तेवढा वेळ देणार नाही. सांगायला जड जात असेल तर हे पत्र त्यांना वाचायला दे.

धाकटी

---

१९ फेब्रुवारी

आदरणीय डॉक्टरताई यांस,
सप्रेम नमस्कार.

मी दादांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. आपण कॉलेजात असताना दवाखान्यात एकदा आला होता आणि वजनकाट्यावर उड्या मारल्या होत्या. तो काटा अजून अर्धा किलो जास्त दाखवतो.

काल दुपारी साहेबांनी आपलं पत्र माझ्यासमोर टेबलावर उघडं ठेवलं आणि हात धुवायला गेले. दहा मिनिटं हात धूत होते. त्यावरून मी समजलो की पत्र मी वाचायचं आहे. वाचलं. साहेब परत आले तेव्हा मी म्हणालो, "माळ्यावर चढतो." ते म्हणाले, "शिडी धरतो." यापलीकडे आमचं या विषयावर बोलणं झालेलं नाही.

सोबत एकूण बहात्तर कार्डं आहेत, तारखेप्रमाणे लावून. क्रिएटिनिनच्या ओळींना मी लाल पेन्सिलीनं खूण केली आहे, म्हणजे आपला वेळ जाणार नाही. अकरा खुणा आहेत. शेवटची १४ जानेवारीची आहे.

ताई, आकडे मीच लिहिलेले आहेत. त्यामुळे मला ते माहीत नव्हते असं मी म्हणणार नाही. नवीन कार्ड सुरू करताना जुना आकडा मीच वर उतरवतो. पण एकतीस वर्षं मी बाहेर बसलेल्या माणसांना सांगत आलो, डॉक्टर सांगतील तेव्हा सांगतील, आपण घाई करायची नाही. मग स्वतःच्या बाबतीत घाई कशी करायची? साहेब काही बोलत नाहीत म्हणजे वेळ आलेली नाही, असं मी धरून चाललो. पुढे पुढे मला वाटायला लागलं की साहेब बोलत नाहीत म्हणजे वेळ येऊन गेली असेल.

आपण विचाराल म्हणून लिहितो. सकाळी मळमळतं. अंगाला खाज येते, रात्री जास्त. चपला संध्याकाळी घट्ट होतात. साहेब मधूनमधून विचारतात, "काय म्हणतंय राज्य?" मी म्हणतो, "उत्तम." विचारताना त्यांचा चेहरा असा असतो की दुसरं काही सांगवत नाही.

एक शंका आहे. ऑपरेशन कुठल्या हाताचं करतात? मी डाव्या हातानं बाटली धरतो आणि उजव्यानं लेबल लावतो. दोन्ही लागतात, पण निवडायची वेळ आली तर डावा घ्यावा.

साहेबांना कृपया रागावू नये. ते माणसाच्या बाबतीत चांगले आहेत. कागदाच्या बाबतीत मी त्यांना सवय लावून ठेवली आहे.

आपला नम्र,
कंपाउंडर

---

२३ फेब्रुवारी

दादा,

कार्डं मिळाली. इतकी व्यवस्थित केस मला कुठल्या मोठ्या हॉस्पिटलातूनही कधी आली नाही.

अकराही आकडे मी आलेखाच्या कागदावर मांडले. १.९ पासून सुरुवात आहे. रेघ जवळजवळ सरळ आहे, वर जाणारी, आणि शेवटी वर वळलेली. ती बघायला डॉक्टर असावं लागत नाही, माझ्या खोलीत झाडायला येणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे कशाचे भाव वाढलेत?" तीस टक्क्यांची पायरी महामंत्र्यांनी अडीच वर्षांपूर्वी ओलांडली. तेव्हा आले असते तर औषधं बदलून थोडा वेग कमी करता आला असता, आणि हाताचं काम निवांत झालं असतं.

अकरापैकी नऊ ओळींपुढे तुझ्या अक्षरात एकच शेरा आहे: 'मागच्यापेक्षा किंचित जास्त. निरीक्षण.' नवाही वेळा तो शेरा खरा आहे, हेच वाईट आहे.

आता जे लिहिणार नव्हते ते लिहिते. १४ जानेवारीच्या ओळीत आकडा ५.२ आहे. त्याच्यापुढे शेरा नाही, फक्त तुझी सही आहे. दोन फेब्रुवारीला तू मला ऑक्टोबरचा ४.१ कळवलास.

२७ तारखेला सकाळी दहाला त्यांना घेऊन ये. कुणाबरोबर पाठवू नकोस. तू आण.

धाकटी

---

६ मार्च

प्रिय धाकटीस,

तू २७ तारखेस मला काही विचारले नाहीस, याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, हे ठरवता आलेले नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहून देतो.

१४ जानेवारीस मी तो आकडा वाचला होता. कार्ड माझ्यासमोर होते, महामंत्री समोर उभे होते, तुझे पत्र खणात होते. मी वाचले, सही केली आणि त्यांना म्हणालो, "खिडकी लावा, वारा येतो." त्यांनी खिडकी लावली. पुढे तुला लिहिताना लेखणी ऑक्टोबरच्या आकड्यापाशी गेली. नजरचूक झाली असे म्हणण्याची उत्तम सोय तुला आणि मला दोघांनाही आहे. परंतु ती निवड होती.

कारणमीमांसा करायला बसलो की माझी भाषा फुलते, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांच्यावाचून दवाखाना चालणार नाही, हे कारण मी स्वतःस देत होतो. ते सपशेल खोटे आहे. तुमच्याकडे गेलो त्या दिवशी दवाखाना बंद होता आणि दुसऱ्या दिवशी खोकणारे तितकेच होते. खरे कारण असे की पाठवणे म्हणजे माझ्या हातून आता काही होण्यासारखे नाही असे लिहून देणे, आणि ते मला अन्य कोणाच्याही बाबतीत जमले असते.

तुमच्या रुग्णालयातील नोंदणीच्या खिडकीत बसलेल्या तरुणीने मला विचारले, "पेशंटशी नातं?" मी भारदस्तपणे म्हणालो, "डॉक्टर." ती म्हणाली, "डॉक्टर आत आहेत. तुमचं नातं सांगा." महामंत्री मागून म्हणाले, "लिहा, सोबत आलेले." मग त्यांनी तिला फॉर्मवरील दोन रकाने उलटे छापले आहेत हे दाखवून दिले. मी सोबत आलेल्याच्या बाकावर जाऊन बसलो. त्या बाकावरून तुमचा व्यवसाय फार निराळा दिसतो. दर वेळी दार उघडले की सगळे अर्धवट उठतात.

परवा डाव्या हाताचे ऑपरेशन निर्विघ्न पार पडले. तुझ्या सहकाऱ्याने दिलेला रबरी चेंडू ते दिवसातून चार वेळा दाबतात आणि प्रत्येक वेळची नोंद करतात. मनगटावर बोट ठेवले की आत काहीतरी घरघरते. मला ते दाखविताना म्हणाले, "चालू आहे." मी रोज सकाळी बोट ठेवून पाहतो. त्यांचा रक्तदाबही आता मी मोजतो.

आणखी सहा ते आठ आठवडे लागतील, असे तू म्हणालीस. रक्तातील आकडा तेवढे थांबेल का?

दादा

---

११ एप्रिल

दादा,

ॲम्ब्युलन्समधून तू त्यांना आणलंस तेव्हा बोलायला वेळ नव्हता, आणि नंतर तू निघून गेला होतास. म्हणून लिहिते.

आकडा थांबला नाही. छातीत पाणी झालं होतं म्हणून धाप लागली. हाताची शीर पाच आठवड्यांत हवी तेवढी फुगलेलीच नव्हती. त्यांची शीर मुळात बारीक आहे. मानेतून नळी घालून त्याच दुपारी पहिलं डायलिसिस केलं. दुसरं काल. आज बसून पेपर वाचतायत. इथल्या सिस्टरना त्यांनी औषधांची ट्रॉली लावून दिली.

वीस तारखेला कोपराजवळ, वरच्या जागी, पुन्हा जोडणार आहोत. तिथली शीर मोठी आहे. ती तयार व्हायला जून संपेल. तोवर मानेतली नळी राहणार. अंघोळ मानेखालून, ताप आला की लगेच इकडे. त्यांची बहीण मूत्रपिंड द्यायला तयार आहे. पण तिच्या तपासण्यांनाच चार-पाच महिने जातील. त्या आधी सुरू झाल्या असत्या तर कदाचित डायलिसिसची पाळीच आली नसती. कदाचित. हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तू तो एक तर पूर्ण खोडशील किंवा त्याखाली दोन रेघा मारशील. दोन्ही करू नकोस.

काल राउंडला त्यांनी मला विचारलं, "ताई, उशीर झाला का?" मी म्हटलं, "झाला." ते म्हणाले, "बरं." कुणामुळे, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं. ते सांगणं माझ्याकडे नाही.

तुझ्यावर मला राग होता. चार दिवसांपूर्वी दारात तू एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून उभा होतास, तेव्हा तो थोडा कमी झाला. पूर्ण नाही.

धाकटी

---

३० मे

धाकटे,

महामंत्री गेल्या सोमवारपासून कामावर येतात. आठवड्यातले तीन दिवस डायलिसिस, तीन दिवस दवाखाना. मानेवर पट्टी आहे. लोक विचारतात, "काय झालं?" ते सांगतात, "मूत्रपिंडं बंद पडली." इतके सरळ उत्तर ऐकून लोक स्वतःचा खोकला विसरतात. कोपरावरची शीर चांगली फुगते आहे असे तुझा सहकारी म्हणाला. मीही बघितली. मला तसेच वाटले, पण माझ्या वाटण्यावर आता आम्ही दोघेही फार विसंबत नाही.

माझ्याकडे एक शिंपी येतो, वय सेहेचाळीस, मधुमेह. आज त्याची मूत्रपिंडे बत्तीस टक्के. त्याला तुझ्याकडे पाठवत आहे. तीन वर्षांचे सर्व आकडे तारखांसह स्वतंत्र कागदावर जोडले आहेत. त्याला काहीच त्रास होत नाही, म्हणून तो माझ्यावर नाराज आहे. म्हणाला, "साहेब, तुम्हाला एवढं पण जमत नाही का?" मी म्हणालो, "नाही जमत." फार अवघड गेले असे नाही.

जे सांगणे तुझ्याकडे नाही असे तू लिहिलेस, ते सांगायला मला पन्नास दिवस लागले. सोमवारपासून रोज ठरवत होतो. मी एक भाषण तयार केले होते. त्यात दायित्व होते, प्रमाद होता, क्षमायाचनाही होती. त्यांनी 'असू द्या साहेब' म्हटल्यावर काय म्हणायचे, तेही तयार होते, कारण ते 'असू द्या साहेब' म्हणणार याची मला एकतीस वर्षांच्या अनुभवाने खात्री होती.

आज सकाळी दार उघडले. ते काउंटरच्या मागे उभे राहून बाटल्यांना लेबले लावत होते. डावा हात जपून ठेवायचा असतो म्हणून बाटली काउंटरच्या कडेला टेकवून, उजव्याच हाताने. मी समोर जाऊन उभा राहिलो. भाषण आठवले नाही.

मी म्हणालो, "महामंत्री, मी तुम्हाला अडीच वर्षांपूर्वी पाठवायला हवं होतं."

त्यांनी हातातले लेबल नीट बसवले, अंगठ्याने कडा दाबल्या आणि माझ्याकडे बघितले.

"हो," म्हणाले.

त्यांनी दुसरी बाटली घेतली.

"बाहेर सात जण बसलेत, साहेब. पहिल्याला आत पाठवतो."

दादा